बाराव्या घरातलं कंपन

मनमाडला रुळांलगतच्या घरांना गाड्यांचे किती हादरे बसतात, हे मोजायला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेला सुहास नाशिकहून आला होता. पलंगावर यंत्र ठेवायचं, शेजारी आपण बसायचं आणि घरच्यांना प्रश्न विचारायचे, अशी त्याची शिस्तशीर पद्धत. अकरा घरांत त्याला एक नवलच सापडलं होतं. गाडी निघून गेली तरी यंत्राच्या कागदावरची रेघ बारीक थरथरतच राहायची. जमिनीच्या पोटात नक्की काहीतरी असणार! त्याने आपल्या मार्गदर्शक सरांना फोन करून तसं कळवलं होतं आणि शोधनिबंधाचं शीर्षकही ठरवून टाकलं होतं.

बाराव्या घरात त्याने ठमाबाईंना विचारलं, "मावशी, गाड्यांच्या हादऱ्यांचा त्रास होतो का?"

"नाय रे. सवय झाली."

"आणि गाडी नसताना काही हलतं?" त्याने पुढे सरकत विचारलं.

"हलतंय की. तू टेकलास तेव्हापासून पलंग हलतोय. पाय हलवायचा थांब आधी, लक्ष्मी जाते घरातून."

सुहासने पाय थांबवला. कागदावरची रेघ तिथेच सरळ झाली.

तो केविलवाणा होऊन म्हणाला, "पण मावशी, अकरा घरांत कुणीच कसं काही बोललं नाही? सगळ्यांनी 'त्रास नाही' असंच सांगितलं."

"कशाला बोलतील? गाडी काय नि पाव्हणा काय, थोड्या वेळानं दोन्ही जातातच."