आजोळचे तांदूळ

खाणीचा गाळ नदीत सोडायचा नाही, असा कायदा आला. खाणवाल्यांनी बांध घातला. नदी सोवळी झाली आणि गाळ येऊन बसला कमलाक्षीच्या शेतात. तपासणीत नदी पास झाली, तिच्या तांदळात मात्र शिसं निघालं.

त्यातच नातवाचं उष्टावण आलं. पहिला घास आजोळच्या शेतातला, हा घरचा रिवाज. लेक फोनवर म्हणाली, "आई, या खेपेला दुकानातले आण."

"दुकानातले? आजी मेली काय गो तुझ्या झिलाची?"

घरचं पोतं घेऊन ती ताठ मानेनं वास्कोला गेली. खीर चाखून विहीण म्हणाली, "घरच्या तांदळाची गोडीच वेगळी हो!"



कमलाक्षीनं मान खाली घातली. साखळी गावच्या दुकानातले तांदूळ तिनं स्वतःच्याच हातानं त्या पोत्यात ओतले होते.