कावळ्यासाठी सातवी गोष्ट

भिंतीवर कावळे रग्गड होते, पण पिंडाला शिवायला एकही तयार नव्हता.

खाली केळीच्या पानावर ढुंढिराजांचा भाताचा पिंड होता, शेजारी त्यांच्या आवडीची जिलबी. गंगेवर ऊन चढत चाललं होतं. दहाव्याला आलेली मंडळी चुळबुळ करत घड्याळं बघत होती.

"काहीतरी इच्छा राहिलीय," यशोधन गुरुजी म्हणाले. "आठवा आणि शब्द द्या."

मयुरेशने, ढुंढिराजांच्या मुलाने, हात जोडले. "बाबा, आईला मी नीट सांभाळीन. फ्लॅट विकणार नाही." कावळे ढिम्म. गाडी हळू चालवीन म्हणाला, तरी ढिम्म. मालेगावच्या मेहुण्यांनी तर जुनं भांडण मिटल्याचं जाहीर करून टाकलं. तेव्हा एक कावळा उडाला, तोही शेजारच्यांच्या पिंडाकडे.

"मेला लबाड!" कोणीतरी पुटपुटलं.

सुवर्णाबाई तेवढ्या नवऱ्याच्या पिंडापासून हातभर अंतरावर बसून भिंतीकडे बघत होत्या.

"आई, तुम्ही तरी काही बोला ना," सुनेने, आभाने, विनवलं. "तुमचं ऐकतील."

"माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

आभा हसणार होती, पण त्याच क्षणी तिला आठवलं.

"पुस्तक!" ती एवढ्याने ओरडली की घाटावरच्या माना वळल्या. "अहो, बाबांचं पुस्तक राहिलंय!"

'वेशीबाहेरचे सात दिवे'. भुताखेतांची कादंबरी. गोष्टी सात, पण एकमेकींत अशा गुंतलेल्या की पहिलीत जिवंत असलेला माणूस तिसरीत मेलेला भेटायचा. ढुंढिराजांनी मेनरोडच्या फुटपाथवरल्या रद्दीवाल्याकडून जुनी प्रत आणली होती. रोज संध्याकाळचा चहा झाला की ते सुवर्णाबाईंना मोठ्याने वाचून दाखवायचे. सातवी गोष्ट अर्धी झाली आणि ते गेले. खुणेला घातलेलं बसचं तिकीट तसंच राहिलं.

सुतकात आभाने ते पुस्तक हळूच उचललं होतं. पाहुण्यांना चहा देता देता तिने सहा गोष्टी फस्त केल्या. अंगावर काटा यायचा, पण पुस्तक सोडवत नव्हतं. सातवी निवांत वाचायची म्हणून ते आज पर्समध्येच होतं.

"त्यात अगदी हेच आहे!" तिला धीर धरवेना. "प्रत्येक गोष्टीत एक मेलेलं माणूस अडकलेलं असतं. त्याचं अर्धं राहिलेलं कोणीतरी शेवटापर्यंत सांगितलं की ते सुटतं. बाबांची तर गोष्टच अर्धी राहिलीय!"

मयुरेशने डोळे वटारले. गुरुजी मात्र म्हणाले, "हरकत काय आहे? वाचा. पण जरा लवकर."

आभाने सासूकडे पाहिलं.

"वाच," सुवर्णाबाई शांतपणे म्हणाल्या. "खुणेपासून वाच. आणि मोठ्याने, त्यांना कमी ऐकू यायचं."

आभा वाचू लागली. वेशीबाहेरच्या घरात एकटी म्हातारी. बाहेर अवसेचा काळोख. आधीच्या सहा गोष्टींतले सहा मेलेले एकेक करून तिच्या अंगणात येऊन बसतात आणि सगळे एकच सांगतात, आम्हाला ज्याने इथे धाडलं, तो मागून येतोय.

मंडळी पुढे सरकली. घड्याळं विसरली गेली. शेजारच्या पिंडाची माणसंही हळूहळू इकडे आली.

"जरा मोठ्यानं वाच ना माय, हितं काय ऐकू येत नाय," मागून एक बाई ओरडली.

गुरुजींचा फोन वाजला. त्यांनी न बघताच तो बंद केला.

आणि कावळा उतरला!

"वाच, वाच, थांबू नकोस!" आता मयुरेशच कुजबुजत होता. कावळा दोन उड्या मारून पिंडाजवळ आला आणि मान वाकडी करून उभा राहिला. आभा वाचत राहिली. दारावर थाप पडली. म्हातारी उठली. तिने दिवा हातात घेतला, कडी काढली. दारात उभा होता तो...

आभाने पान उलटलं. पुढे नुसता पुठ्ठा होता.

"अहो, कोण होता?" गुरुजी कळवळून म्हणाले.

"शेवटचं पानच नाहीये!"

"ह्याला काय अर्थ आहे!" सगळा घाट हळहळला. मयुरेशने घाईघाईने मोबाईलवर शोधलं, पण त्या पुस्तकाचं नावसुद्धा कुठे सापडेना. कावळ्याने चोच पिंडापर्यंत नेली, मागे घेतली आणि तो परत भिंतीवर जाऊन बसला.

रद्दीवाल्याला शिव्या घालून झाल्या. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. शास्त्रात चालतं असं सगळे एकमेकांना सांगू लागले, पण मयुरेशचा चेहरा पडला होता.

आभाला रडू आवरेना. "एक पान हो आई, एका पानासाठी बाबा अडकून राहिले."

सुवर्णाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "छान वाचलंस तू. जा, गाडी काढायला सांग. मी पाय धुऊन आलेच."

सगळे पायऱ्या चढून वर गेले. सुवर्णाबाई पाण्याकडे गेल्याच नाहीत. त्या भिंतीपाशी आल्या. ब्लाऊजमधून त्यांनी घडी घातलेलं, एका कडेने फाटलेलं पान काढलं, कावळ्याला दाखवलं आणि पुन्हा जपून आत ठेवलं.

"चला घरी," त्या म्हणाल्या. "रोज चहा झाला की एकच ओळ वाचीन."