छातीवरचा बिल्ला

आमचा नरसिंग तीन दिवस झाले कागद घेऊन नुसता बसून आहे, सही काही करीत नाही. कागद त्याच्याच लेकीचा, पंचशीलाचा. पोरगी विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनियरिंग शिकते. एका मोठ्या विद्यापीठात अणुभट्टीचं शिक्षण देणारा विभाग आहे, तिथं दोन महिने संशोधन करायला तिची निवड झाली. बापाची सही लागते आणि उद्या शेवटची तारीख.

"तिथल्या किरणानं अंग आतून सडतंय म्हनं," नरसिंग म्हणाला. "दिसत न्हाई, वास येत न्हाई. लेकीला काय मरायला धाडू?"

मी पोरीलाच विचारलं, "काय गं, खरं हाय का?"

"आज्जी, तिथं छातीवर बिल्ला लावतेत. अंगावर किती किरणं पडले ते त्याच्यात कळतं. ठरल्यापेक्षा जास्त झालं की काम बंद करून घरी बसवतेत."

मी नरसिंगकडं पाहिलं. तो नुकताच कापसावर फवारणी करून आला होता. डोळे लाल, हात कोपरापर्यंत पिवळे. औषध तो बादलीत हातानंच ढवळतो. तो घरात यायच्या आधी त्याचा वास घरात आला होता.

"नरसिंग, आधी हात धुऊन ये, कागदाला डाग पडतेल," मी म्हणाले. "मग गुमान सही कर. तसला बिल्ला तुझ्या छातीवर असता, तर तू वीस साल झाले घरीच बसून राहिला असतास."