सवडीने पाहावे

द्वारकाबाई गुरव न विचारताच डॉक्टर सबनीसांच्या केबिनमध्ये शिरल्या. "आमच्या मालकांचा पाय काळा पडलाय म्हणून सोमवारपासून दवाखान्याच्या ग्रुपवर बोंबलतेय मी! शेवटी 'मेलात का सगळे?' असंसुद्धा लिहिलं!"

डॉक्टरांनी गोंधळून आपला फोन पुढे केला. द्वारकाबाईंच्याच नावाखाली लिहिलं होतं : 'पायाचा रंग किंचित बदलला आहे. सवडीने पाहावे.'

"आम्हाला ताण येऊ नये म्हणून रुग्णांचे निरोप हल्ली ॲप आपोआप सौम्य करूनच दाखवतं," डॉक्टर पुटपुटले.

त्याच संध्याकाळी पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात इतर रुग्णांचे नातेवाईक मुकाट्याने फोनवर डॉक्टरांना निरोप लिहीत बसले होते. द्वारकाबाई त्यांच्यासमोर उभ्या राहून कडाडल्या, "लिहू नका रे कुणी! आत शिरा आणि ओरडा!"