लिंडनच्या टाकीचा लौकिक

ॲरिझोनाच्या वाळवंटात ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या घरात, हिवाळा काढणाऱ्यांमध्ये लिंडन वेअरचा तीन वर्षांपासून एक लौकिक होता: इतरांच्या सांडपाण्याच्या टाक्या चार दिवसांत भरत, त्याची पंधरवडाभर भरत नसे. "पाणी वापरायला अक्कल लागते," असे तो शेजारच्या थरमनला ऐकवी; आणि बायकोची, आयडेलाची, अंघोळ दोन मिनिटांपुढे गेली की न्हाणीघराचे दार ठोकी.

"अक्कल मान्य, प्रोफेसर," थरमन एका सकाळी म्हणाला, "पण ह्या उजाड माळावर फक्त तुझ्याच ट्रेलरखाली हिरवंगार गवत कसं रे?"

लिंडन चिडला. आपली टाकी निर्दोष आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याने सिंकमध्ये लाल खाद्यरंग ओतला आणि तो ट्रेलरखाली आडवा झाला. थोड्याच वेळात टाकीच्या तळातल्या केसाएवढ्या चिरेतून एक लाल थेंब निसटला, तो थेट त्याच्या कपाळावर. तरीही काम त्याने चोख केले: टाकी रिकामी करून वाळवली, चीर घासली, प्लास्टिक वितळवून सांधली. त्यानंतर थेंबभरही गळले नाही.

चौथ्या दिवशी, इतरांसारखीच, टाकी काठोकाठ भरली. टाकीतले सांडपाणी भरलेला चाकांचा डबा ओढत लिंडन ते ओतायच्या जागेपुढच्या लांबलचक रांगेकडे निघाला, तेव्हा खांद्यावर टॉवेल टाकलेली आयडेला दारात आली.

 

"सावकाश ये रे, लिंडन. माझी तीन वर्षांची अंघोळ बाकी आहे."