अष्टमीची भरती

हिराजीच्या नातीचा, प्रणालीचा साखरपुडा झाला त्या उन्हाळ्यातली गोष्ट. रेवदंड्याच्या खाडीतल्या वाळूच्या दांड्यावर सुरय पक्ष्यांची पिल्लं निघाली होती. फोटोंसाठी तिला होडीतून सोडताना त्याने बोटांवर तिथी मोजली. "आजा, पाणी चढणार न्हाय ना?" "अष्टमीची भरती लहान गो! दांडा बुडाला तर मिशी उतरवीन." ती हसली, कॅमेरा सावरत उतरली. तो निर्धास्त पलीकडे जाळं टाकायला गेला. भरती त्याने सांगितली तेवढीच आली. पण हिवाळाभर वाळूवाल्यांनी पंपाने दांड्याची वाळू कंबरभर उपसली होती, ते रोज पाहूनही त्याने गणितात धरलं नव्हतं. परतला तेव्हा दांड्याच्या जागी ओढीचं पाणी होतं आणि शेकडो सुरय त्यावर ओरडत घिरट्या घालत होते. त्याने हाका मारल्या. पाखरांच्या कल्लोळात त्यालाही ऐकू आल्या नाहीत. प्रणाली वैशाख वद्य अष्टमीला गेली.