तुलनेतली शाळा

सृष्टीने समोरचा कागद बाजूला सारला आणि विचारलं, "मॅडम, अगुदर माझं सांगू?"

मुग्धाचं टॅबवरचं बोट तिथेच थांबलं. मुखेडपासून अर्ध्या तासावरच्या या जिल्हा परिषद शाळेत ती दुसरीच्या मुलांचं वाचन तपासायला आली होती. एकेक मूल व्हरांड्यात बोलवायचं, उतारा पुढे ठेवायचा, ऐकायचं, नोंदवायचं. आत्ता ऐकलेला प्रश्न तिच्या चांगलाच ओळखीचा होता. पण तो या शाळेत ऐकू यायला नको होता.

"सांग," ती म्हणाली.

"आमची शेळी व्याली. दोन करडं झाली. एक माझं हाय, एक दादाचं."

सृष्टीने हेच पाटीवर लिहिलं, त्यावरून बोट फिरवत वाचलं. मग कागद ओढून घेतला आणि कधी न पाहिलेला उतारा न अडखळता वाचून काढला. वाचून झाल्यावर ती शाबासकीसाठी थांबली. मुग्धाला ती द्यायचंही सुचलं नाही. "जा वर्गात," एवढंच ती म्हणाली.

दुसरीतली पोर असं वाचते तेव्हा कुणालाही आनंद व्हावा. मुग्धाने मात्र टॅबवर शाळेचं नाव पुन्हा एकदा तपासून पाहिलं.

आधी मुलाने घरच्या बोलीत स्वतःचं काही सांगायचं, तेच लिहायचं, तेच वाचायचं आणि मग पुस्तकाकडे वळायचं, ही पद्धत मुग्धाच्या संशोधन संस्थेची होती. जिल्हा परिषदेबरोबर बसून त्यांनी तालुक्यातल्या शाळांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. निम्म्या शाळांना पद्धत मिळाली, निम्म्या तुलनेसाठी तशाच ठेवल्या. दोन वर्षांनी दोन्हीकडची मुलं ताडून पाहायची, फरक दिसला तर पद्धत जिल्हाभर न्यायची. ही शाळा तुलनेतली. भल्या भल्या हुशार माणसांनी आखलेलं काम होतं ते. सकाळी मुखेडहून कोणत्या शाळेची बाई कोणाबरोबर कोणत्या काळी-पिवळी जीपमध्ये बसते, एवढं विचारायचं मात्र एकालाही सुचलं नव्हतं.

वर्गशिक्षिका शिवकन्याबाई दारातच उभ्या होत्या.

"बाई, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मुग्धाने विचारलं.

"सिंधुताई जीपमध्ये माझ्या शेजारीच बसतात. त्यांच्या शाळेला तुमची पद्धत मिळाली ना! रोज येता-जाता त्या सांगायच्या, मी ऐकायचे. कानात बोळे घालून बसायचं का गाडीत?"

"आणि गाडीतल्या बाकीच्या शिक्षिका?"

"लेकरं वाचाय लागली म्हटल्यावर कोण न्हाई म्हणतंय?"

म्हणजे गाडीच्या गाडीच तुलनेतून गेली होती. मुग्धाने टॅब बंद केला.

"तुमची मुलं सिंधुताईंच्या मुलांइतकीच वाचली, तर अहवालात काय येईल माहीत आहे? फरक पडला नाही. म्हणजे पद्धत बंद. जिल्ह्यात कुणालाच मिळणार नाही."

"मग आमची शाळा तेवढी काढून टाका."

"एक शाळा काढली असती हो. इतक्या सगळ्या कशा काढू?"

शिवकन्याबाईंना सगळं समजलं होतं. त्या भांडल्या असत्या तर मुग्धाला बरं वाटलं असतं.

"मग काय करायचं म्हणता?"

"शेवटची चाचणी पुढच्या मार्चमध्ये आहे. तोपर्यंत थांबवा. गाडीतल्या सगळ्यांनीच. नंतर मी स्वतः येऊन शिकवीन तुम्हाला."

"थांबवलं म्हणून आलेलं विसरतील होय लेकरं?"

"विसरणार नाहीत." मुग्धा अडखळली. "पण इतक्या वेगाने पुढंही जाणार नाहीत."

तिला स्वतःचीच लाज वाटली. तरी तिने शब्द मागे घेतले नाहीत. जिल्ह्यातल्या हजारो मुलांसाठी ती हे मागत होती, आणि ते खोटं नव्हतं.

"पुढच्या मार्चपस्तोर ह्यांची तिसरी सरेल," शिवकन्याबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. त्यांनी साडीला लागलेला खडू झटकला. "ठीक हाय. जिल्ह्याच्या लेकरांसाठी म्हणता तर बंद करते."

त्या आत गेल्या. मुग्धा सामान आवरायला लागली, पण कान वर्गाकडेच होते.

"पुस्तकं काढा. मी वाचते, माझ्यामागं म्हणा."

मुलं एका सुरात म्हणू लागली. ओळीमागून ओळ, कंटाळवाणी आणि बरोबर. तुलनेसाठी हवा होता अगदी तसा वर्ग. मुग्धा दारापर्यंत आली.

मधेच सृष्टीने हात वर केला. "बाई, माझं राहिलं. करडाचं."

"आता नाही. खाली बस."

"मग उद्या?"

"उद्याही नाही. बस म्हटलं ना!"

शिवकन्याबाई असं कधी बोलत नसाव्यात. सगळी मुलं म्हणायची थांबली. सृष्टी बसली, परत अर्धवट उठली. तिचा चेहरा उतरला होता.

"बाई," तिने हळूच विचारलं, "म्या मॅडमपुढं चुकीचं वाचलं का?"

शिवकन्याबाईंनी दारातल्या मुग्धाकडे पाहिलं. मग एकेक करत सगळ्या वर्गाने दाराकडे पाहिलं.